महासाथ, आत्महत्या आणि उशिरा येणारा धोका

मार्च २०२०च्या शेवटी लॉकडाउन लागला, तेव्हा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांना एकच धास्ती होती. विषाणूने माणसं जातीलच. पण बुडालेला रोजगार, चार भिंतींतलं कोंडलेपण, बंद पडलेले बाह्यरुग्ण विभाग आणि मयताला खांदा द्यायलाही न जाता येणं, हे सगळं एकदम अंगावर आल्यावर आत्महत्यांचा आकडा कुठे जाऊन थांबेल? ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत तर हजारोंच्या भाषेत अंदाज मांडले गेले.

पहिले आकडे आले ते वेगळेच निघाले. मेलबर्न विद्यापीठाच्या जेन पिर्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ देशांमधली एप्रिल ते जुलै २०२० या चार महिन्यांची माहिती गोळा केली आणि महासाथ आली नसती तर किती आत्महत्या झाल्या असत्या, या अंदाजाशी ती ताडून पाहिली. त्या काळात आत्महत्या ठळकपणे वाढल्याचं कुठेच दिसलं नाही, आणि १२ ठिकाणी तर संख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली. अमेरिकेत २०१९ मध्ये ४७,५११ आत्महत्या नोंदल्या होत्या, २०२० मध्ये ४५,९७९.

या बातमीने अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा लवकर टाकला गेला, असं मला वाटतं. एक तर पिर्किस यांच्या अभ्यासातले सगळे देश श्रीमंत किंवा बऱ्यापैकी उत्पन्नाचे होते; भारत त्यात नव्हता. दुसरं म्हणजे तो अभ्यास पहिल्या चार महिन्यांचाच होता, आणि संकटाचे पहिले महिने नेहमीच वेगळे असतात. युद्धाच्या काळात आत्महत्या घटतात, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्येच दाखवलं होतं. सगळ्यांवर एकच संकट असतं तेव्हा माणसं एकमेकांची विचारपूस करतात, शेजारी डबा पोचवतो, आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न बोथट होतो. पुढे काहींची गाडी रुळावर येते आणि काहींची येत नाही. एकटं पडणं सुरू होतं ते तिथून.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं जपानमध्ये. तिथे आत्महत्यांची नोंद महिन्यागणिक होते, त्यामुळे चढउतार नेमका पकडता येतो. फेब्रुवारी ते जून २०२० या पाच महिन्यांत तिथल्या आत्महत्या १४ टक्क्यांनी उतरल्या. कामाचे तास कमी झाले होते, शाळा बंद होत्या, आणि सरकारने प्रत्येक रहिवाशाला एक लाख येन रोख दिले होते. एरवी जिवावर उठणारं कामाचं ओझं आणि शाळेतली गुंडगिरी काही काळ थांबली होती. मग जुलै ते ऑक्टोबर या काळात आकडा १६ टक्क्यांनी वर गेला. एकूण आकड्यापेक्षा त्याच्या पोटात काय आहे ते पाहायला हवं. स्त्रियांमधली वाढ ३७ टक्के होती, मुलं आणि किशोरवयीनांमधली ४९ टक्के. ऑक्टोबर महिन्यात स्त्रियांच्या आत्महत्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त भरल्या. वर्षअखेरीस एकूण संख्या २१,०८१ झाली. सलग दहा वर्षं खाली येणारा आलेख पहिल्यांदाच वर वळला.

स्त्रियाच का? हॉटेलं, उपाहारगृहं, दुकानं या क्षेत्रांना महासाथीचा पहिला फटका बसला, आणि तिथल्या कंत्राटी नोकऱ्यांत जपानी स्त्रियांची संख्या मोठी आहे. नोकरी गेली, मुलं घरी, नवरा घरी, घरकाम दुप्पट. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीही वाढल्या. त्यात जुलै आणि सप्टेंबरमध्ये दोन प्रसिद्ध कलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या दिवसच्या दिवस चालल्या. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसतं. पण आधीच काठावर असलेल्या माणसावर एकावर एक भार पडत गेले की काय होतं, हे या आकड्यांत दिसतं.

या वाढीला उतारा काय, याचा एक धागा हेल्पलाइनच्या नोंदींत सापडला. १९ देशांतल्या हेल्पलाइनवर आलेल्या सुमारे ८० लाख फोनचं विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. साथ सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी फोनची संख्या कळसाला पोचली होती, एरवीपेक्षा ३५ टक्के जास्त. त्यातले बरेचसे फोन भीतीचे आणि एकटेपणाचे होते. आत्महत्येच्या विचारांबद्दलचे फोन निर्बंध कडक झाले की वाढत, आणि सरकारने लोकांच्या हाती पैसे देण्याची योजना वाढवली की कमी होत. मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. बँक खात्यात वेळेवर जमा झालेली रक्कम हासुद्धा आत्महत्या रोखण्याचा उपाय असतो.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या नोंदींनुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या झाल्या, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. राज्यांमध्ये या तिन्ही वर्षी महाराष्ट्राचाच आकडा सर्वांत मोठा होता. २०२० मध्ये १९,९०९, पुढच्या वर्षी २२,२०७. या पोलिसांकडच्या नोंदी आहेत, आणि बदनामीच्या भीतीने बऱ्याच घटना अपघात म्हणून लावल्या जातात, त्यामुळे खरी संख्या याहून जास्त असणार. वर्षाच्या बेरजेत महिन्यांचा चढउतारही दिसत नाही. पण माणसं कोण होती, हे दिसतं. २०२० मध्ये दर चारांमागे एक जण रोजंदारीवर जगणारा होता: ३७,६६६ माणसं. व्यावसायिकांची संख्या एका वर्षात ९,०५२ वरून ११,७१६ वर गेली आणि त्या वर्षी ती शेतकरी-शेतमजुरांच्या आकड्यालाही मागे टाकून गेली.

व्यावसायिक म्हटलं की मोठा कारखानदार डोळ्यांसमोर आणू नये. यात पानटपरीवाला येतो, सलूनवाला येतो, लग्नसराईच्या भरवशावर कर्ज काढून मांडव-मंडपाचं सामान घेतलेला माणूस येतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० पासून कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती ३१ ऑगस्टला संपली. हप्ते थांबले होते, व्याज चढतच होतं. घराचं भाडं, मुलांची फी, सावकाराची उधारी यांना तर कुठलीच मुभा नव्हती. ऐन लॉकडाउनमध्ये सगळ्यांचंच शटर खाली होतं. शटर उघडल्यावर गिऱ्हाईक नाही आणि वसुलीवाला मात्र दारात, ही वेळ जास्त जीवघेणी. भारताच्या आकड्यांतली ही वाढ मी तरी अशीच वाचतो.

विद्यार्थ्यांचा आकडाही २०१९ ते २०२० या एका वर्षात १०,३३५ वरून १२,५२६ वर गेला. २०२१ मध्ये राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षाच रद्द झाल्या. ज्या घरात एकच मोबाइल आणि शिकणारी तीन मुलं, तिथे वर्गाशी संबंध केव्हाच तुटला होता.

वृद्धांबाबतचा धडा त्याआधीच मिळालेला होता. २००३ मध्ये हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली, तेव्हा ६५ वर्षांवरच्यांमधलं आत्महत्यांचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी वाढलं. त्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्यावर आजाराची भीती, माणसांत मिसळणं बंद झाल्याने आलेलं तुटलेपण आणि आपण घरच्यांना ओझं होऊ ही बोच पुन्हा पुन्हा सापडली. साथ काही महिन्यांत आटोपली, पण हे प्रमाण पुढच्या वर्षीही पहिल्या पातळीवर आलं नाही. 'आजोबा, तुम्ही बाहेर पडू नका, तुमच्यामुळे सगळ्यांना होईल' हे वाक्य २०२० मध्ये आपल्या किती घरांत काळजीपोटी बोललं गेलं असेल, आणि ऐकणाऱ्याला ते कसं लागलं असेल, याचा विचार व्हायला हवा.

मग टाळायचं कसं? मानसोपचारतज्ज्ञ हवेतच, पण ते पुरणार नाहीत हे उघड आहे. सुदैवाने ज्या उपायांचा पुरावा पक्का आहे, त्यातले काही अगदी साधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कॅम्पिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग अशा पाच ठिकाणी एक प्रयोग केला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी घरी सोडण्याच्या सुमारास तासभर निवांत बोलणं झालं: असं का होतं, कठीण वेळ पुन्हा आली तर काय करायचं, कोणाला गाठायचं. त्यानंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. सुरुवातीला लवकर लवकर आणि पुढे अंतराने, कारण रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडेच सर्वांत नाजूक असतात. दीड वर्षाअखेर नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने दगावलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, फोन आणि भेटी मिळालेल्या गटात ०.२ टक्के. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यातल्या बऱ्याच भागाला महागडं यंत्र लागत नाही, नवं औषध लागत नाही. ठरल्या दिवशी आठवणीने फोन करणारा प्रशिक्षित माणूस लागतो. लॉकडाउनमध्येही हे चालू राहू शकत होतं. फोनवरून आणि व्हिडिओवरून उपचार देण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजीच, म्हणजे लॉकडाउनच्या पहिल्या दिवशीच, जाहीर झाली होती.

गावपातळीवर काय करता येतं, हे विदर्भाने महासाथीच्या आधीच दाखवलं होतं. 'विश्राम' या प्रकल्पात ३० गावांमधल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत नैराश्य ओळखणं, घरी जाऊन बोलणं आणि गरज असेल तर डॉक्टरपर्यंत नेणं, अशी साखळी उभी केली गेली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुणाकडे मदतीला जात. प्रकल्पानंतर सत्तावीस जाऊ लागले. अशाच स्थानिक लोकांच्या हाती हीच साखळी २०२० मध्ये राज्यभर असती तर, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही.

माध्यमांबद्दल थोडक्यात. भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं होतं की आत्महत्येची पद्धत वर्णन करू नका, बातमी भडक करू नका, पुन्हा पुन्हा उगाळू नका. वर्षाच्या आत, जून २०२० मध्ये, एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी यातला प्रत्येक नियम कित्येक आठवडे मोडला. लोक घरात बंद होते आणि टीव्ही चालू होता. हा अक्षम्य प्रकार होता.

कायदाही बदलला आहे आणि ते अनेकांना ठाऊक नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातलं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं ३०९ कलमच नाही. तेव्हा 'पोलीस केस होईल' म्हणून रुग्णालयात न्यायला कचरू नये.

२०२२ मध्ये देशातला आकडा १,७०,९२४ झाला. महासाथ मागे पडली तरी वाढ ओसरलेली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने आत्महत्या प्रतिबंधाचं पहिलं राष्ट्रीय धोरण आणलं, २०३० पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवून. त्याआधी महिनाभर, १० ऑक्टोबरला, टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी सेवा सुरू झाली होती.

जवळचं माणूस गप्प झालं असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर 'जीव द्यायचे विचार मनात येतात का?' असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. उत्तर 'हो' आलं तर वाद घालू नये, त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं आणि जास्तीची औषधं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो चोवीस तास मोफत चालतो, मराठीतून बोलता येतं, आणि फोन त्या माणसानेच करायला हवा असं नाही. त्याच्यासाठी घरच्यांनी किंवा मित्राने केलेला फोनही घेतला जातो.