शेततळ्याची सुरक्षितता

शेततळे म्हणजे पावसाचे किंवा वाहून येणारे पाणी साठवण्यासाठी शेतात खोदलेला, बहुधा चौकोनी तोंडाचा खड्डा. त्याच्या सुरक्षिततेत तीन बाबी येतात : माणूस-जनावर बुडू नये, बांध (काठावरचा मातीचा भराव) फुटू नये आणि साठलेले पाणी पिकाला व गुरांना बाधू नये. तिन्हींचा निकाल बराचसा खोदाई सुरू होण्याआधीच लागतो. तळे एकदा भरले की आराखड्यातली चूक दुरुस्त करणे जिकिरीचे असते.

वर ३० × ३० मीटर तोंड, ३ मीटर खोली आणि बाजूंना १:१.५ उतार (मीटरभर खोलीला दीड मीटर पसारा) घेतला, तर तळ २१ × २१ मीटर उरतो. अशा तळ्यात सुमारे १,९७० घनमीटर, म्हणजे पावणेवीस लाख लिटर पाणी मावते. एका हेक्टरला ५० मिलिमीटरची एक पाळी (एका वेळचे सिंचन) द्यायची तर ५०० घनमीटर लागतात. कागदावर जवळपास चार पाळ्या होतात, पण दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी भरलेल्या तळ्यातून रोज साडेचार हजार लिटर पाणी उडून जाते. त्यामुळे तीनच पाळ्या गृहीत धरून पिकाचे नियोजन केलेले बरे.

बाजूंचा उतार ठरवला जातो तो माती ढासळू नये म्हणून. पडलेल्या माणसाला बाहेर येता येईल का, हा प्रश्न त्या हिशेबात नसतो. १:१.५ म्हणजे साधारण ३४ अंशांचा चढ. मातीच्या तळ्यात त्यावर कसेबसे पाय रोवता येतात. गळती थांबवण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरला की तेही संपते. पाण्याखालच्या भागावर काही आठवड्यांत शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. हाताला धरायला काही सापडत नाही आणि धडपडीत माणूस पुन्हापुन्हा खाली घसरतो. पट्टीचा पोहणारासुद्धा इथे थकून बुडू शकतो. अर्धे रिकामे तळे त्याहून फसवे. खोली दीड मीटरच उरलेली असते, म्हणून ते निर्धोक वाटते. प्रत्यक्षात पाण्याच्या कडेपासून काठापर्यंत २.७ मीटर निसरडा चढ उघडा पडलेला असतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तरीही सर्वांत जास्त टाळला जातो. चारही बाजूंना काठावर पक्के खुंट रोवून, हात-दीड हातावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडावेत किंवा जुने टायर एकमेकांना बांधून त्यांची शिडी उतारावर टाकावी. दोर पाण्याच्या पातळीशी संपला तर पाणी उतरल्यावर तो वरच लोंबकळत राहतो. काठावर फेकायला दोर बांधलेली हवेची ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन कायम असावा. २० लिटरचा कॅन जवळपास २० किलो भार तोलतो, आणि पाण्यातल्या माणसाचे डोके वर राहायला त्याच्या कितीतरी कमी आधार पुरतो. मात्र तो कॅन कीटकनाशकाचा नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. पाण्यापर्यंत पोचण्याची वाट अडवणे हा संघटनेने सुचवलेल्या प्रमुख उपायांपैकी एक. म्हणून कुंपण. लहान मुलाला चढायला पाय ठेवता येतील अशा आडव्या पट्ट्या त्यात नसाव्यात आणि दार आपोआप लागणारे असावे. कुंपण कितीही भक्कम असले तरी मोटारीसाठी सताड उघडे ठेवलेले दार त्याला निकामी करते.

कोणी पडलेच तर आधी काठी किंवा दोर पुढे करावा, मग तरंगणारी वस्तू फेकावी. मागोमाग उडी मारणे शेवटचे. एकाला वाचवताना दोघे-तिघे जातात ते इथेच. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासमार्गात जाण्याचा धोका वाढतो. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत, दर ३० दाबांमागे दोन श्वास, आणि हे चालू असतानाच दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी.

बांधाला सर्वांत मोठा धोका पाणी त्याच्या माथ्यावरून वाहण्याचा. वाहते पाणी माती खरवडत नेते आणि बघता बघता भगदाड पडते. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, मूळ टणक जमिनीत काढावा, ताज्या भरावात नव्हे, आणि पावसाळ्याआधी त्यातला पालापाचोळा काढावा. दुसरा धोका आतून झिरपणाऱ्या पाण्याचा. झाडांचा प्रश्न इथेच येतो. सावलीसाठी भरावावर झाडे लावायचा मोह होतो, पण मुळे कागद फोडतात. झाड मेल्यावर ती कुजून मातीत नळ्या उरतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. भरावावर गवतच हवे. झाडे बांधाच्या पायथ्यापासून दूर, वारा येतो त्या बाजूला रांगेत लावली तर वारा अडतो, बाष्पीभवन घटते आणि पानगळही पाण्यात कमी येते. भरावाबाहेर झिरपणारे पाणी गढूळ दिसू लागले तर आतली माती वाहत असल्याची ती खूण. तळे ताबडतोब उतरवायला घ्यावे.

खतमिश्रित पाणी तळ्यात आले की फॉस्फरस वाढतो आणि उष्ण, संथ दिवसांत नील-हरित शेवाळ माजते. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसते. या शेवाळाच्या काही जाती यकृत व चेतासंस्थेला घातक विषे तयार करतात. ते पाणी पिऊन गुरे दगावतात आणि उकळल्यानेही विष जात नाही. साय दिसताच गुरांना दुसरे पाणी द्यावे. पाणी तळ्यात येते त्या तोंडाशी गाळ थोपवणारा छोटा खड्डा आणि वर गवताचा पट्टा ठेवला तर मातीला चिकटलेला बराच फॉस्फरस बाहेरच अडतो.

फवारणीची टाकी तळ्यातून भरताना नळीचे तोंड औषधाच्या द्रावणात बुडवू नये. मोटार बंद पडली की द्रावण उलटे ओढले जाऊन तळ्यात उतरू शकते. नळी टाकीच्या तोंडापासून वीतभर उंच धरावी आणि औषध पाणी भरून झाल्यावर, काठापासून लांब नेऊन मिसळावे. मोटारीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-विद्युत खटका असावा. तळ्यात उतरून फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) साफ करण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात टाकावा, म्हणजे कोणी अनवधानाने मोटार सुरू करणार नाही.