थकवा कामाचा की अर्धपोटी राहण्याचा?

स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्यांत स्वतःचा व्यवसाय असलेली मंडळी बरीच असतात. त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात सुरू होते: "पूर्वीसारखी उमेद राहिली नाही." सकाळी उठतानाच शीण जाणवतो, दुपारनंतर डोके चालत नाही, ग्राहकाचा फोन वाजला तरी वैताग येतो. काहीजण हा बर्नआउटच आहे असे ठरवून आलेले असतात. काहीजण एखादे व्हिटॅमिन कमी पडले असेल असे धरून चालतात. दोन्ही शक्य आहे आणि दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकते. आहाराने काय सुधारते आणि काय सुधारत नाही, हे भेटीआधीच तुमच्यापुढे स्पष्ट असावे म्हणून हे पत्रक.

बर्नआउट कशाला म्हणतात

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली आहे. ती आजार म्हणून केलेली नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे. कामाचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर तीन गोष्टी दिसतात: अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटते, कामावरून मन उडते किंवा कामाबद्दल कडवटपणा येतो, आणि आपल्या हातून पूर्वीसारखे काम होत नाही असे वाटू लागते.

या व्याख्येत जेवणाचा उल्लेख नाही, आणि ते बरोबरच आहे. थकलेले कर्ज, भागीदाराशी बिनसलेले संबंध, रात्री बारापर्यंत येणारे मेसेज यांवर कोणत्याही आहारतक्त्यात उपाय नाही. आहाराने बर्नआउट 'बरा' करून देतो असे कोणी सांगत असेल तर सावध राहा. आमचे म्हणणे याहून लहान आहे, पण आमच्या मते उपयोगाचे आहे. अवेळी आणि अपुरे खाण्याने जो थकवा येतो तो बर्नआउटसारखाच दिसतो. तो बाजूला काढल्याशिवाय कामाचा खरा थकवा किती, हे कळतच नाही.

अर्धपोटी माणसाचे मन

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे शोधणे हा त्याचा हेतू होता. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात उतरले आणि २४ आठवडे नेहमीच्या जवळपास निम्म्या आहारावर राहिले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांच्या मनाचे. आधी उत्साही असलेली ही मुले चिडखोर झाली, मित्रांत मिसळेनाशी झाली, त्यांना कशातच रस उरला नाही. लक्ष लागत नाही, विचार सुचत नाही अशी त्यांची तक्रार होती. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फारशी घसरण आढळली नाही. शक्ती संपलेली, मन उडालेले आणि 'आपल्याच्याने आता होत नाही' ही भावना. वरच्या तीन खुणांशी हे ताडून पाहा.

एवढी उपासमार कोणी उद्योजक करत नाही. तुमच्या पोटात दिवसभरात पुरेसे अन्न जातही असेल, पण ते कधी जाते? सकाळी फक्त चहा किंवा कॉफी, मग बैठका, चार वाजता समोर येईल ते गोड किंवा तळलेले, आणि रात्री घरी पोचल्यावर एकदाच भरपेट जेवण. कामाचे सगळे तास अर्धपोटी आणि झोपेचे तास भरल्या पोटी, असा हा उलटा क्रम आमच्याकडे येणाऱ्या नोंदवह्यांत वारंवार दिसतो.

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा वापरते तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा एकट्या मेंदूचा. जेवण टळले म्हणून निरोगी शरीर मेंदूला उपाशी ठेवत नाही. यकृतातला साठा मोकळा करून ते रक्तातली साखर टिकवते. त्यासाठी ग्लुकागॉनबरोबरच गरजेनुसार ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके कामाला लागतात. ताणाच्या प्रसंगी वाढणारी संप्रेरके हीच. त्यामुळे दुपारी दोन वाजता होणारी धडधड, हाताला सुटणारा कंप आणि क्षुल्लक गोष्टीवरून चढणारा पारा हा समोरच्या कर्मचाऱ्याचा दोष असेलच असे नाही. निर्णय घेण्याआधी खाऊन घ्या, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

दुपारची मरगळ

दुपारी जेवल्यावर येणाऱ्या झोपेचे सगळे खापर जेवणावर फोडू नका. शरीराच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो. न जेवलेल्यांनाही तो जाणवतो. भरपूर पिष्टमय आणि गोड पदार्थांचे जड जेवण हा उतार अधिक खोल करते, इतकेच. उपाय सोपा आहे: भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ आधी, धान्याचे पदार्थ नंतर. या क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाललात तर चालणारे स्नायू ती साखर उचलतात. फोनवर बोलायचेच असेल तर ते चालता चालता बोला. आणि कराराची कलमे वाचण्यासारखे बारकाईचे काम या तासात ठेवू नका.

कॉफी आणि चहा

याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण व्यवसायातल्या माणसाची सर्वाधिक फसगत इथे होते. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यातून झोपेची ओढ वाढते. कॅफिन हे ॲडेनोसिन हटवत नाही. मेंदूत ॲडेनोसिन ज्या जागी जोडले जाते ती जागा कॅफिन अडवते. थकवा आहे तिथेच राहतो, त्याची जाणीव तेवढी दडते. शिवाय कॅफिनमुळे अनेकांची भूक मरते, म्हणून सकाळच्या कपावर दुपार कधी उलटली हे लक्षातही येत नाही.

पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला बहुतेक प्रौढांना सुमारे पाच तास लागतात. काहींना कमी, काहींना बरेच जास्त. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा काळ लांबतो. म्हणजे संध्याकाळी पाचचा कप रात्री दहा वाजता निम्मा शिल्लक असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तरीही झोप एका तासाहून अधिक घटली. निरोगी प्रौढांसाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानले जाते. पण आम्ही प्रमाणाइतकाच वेळेचा आग्रह धरतो. शेवटचा कप झोपेच्या किमान आठ तास आधी घ्या, आणि कोणताही कप जेवणाच्या जागी घेऊ नका. कॅफिन कमी करायचे असेल तर टप्प्याटप्प्याने करा. एकदम बंद केल्यास डोकेदुखी, सुस्ती आणि चिडचिड काही दिवस पाठ सोडत नाहीत, आणि तेवढ्यात माणूस हार मानतो.

झोप घटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड, तेलकट पदार्थांकडे ओढ जाते. ही इच्छाशक्तीची कमतरता समजून स्वतःला कोसत बसू नका. रात्री मद्य घेऊन लवकर डोळा लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप मोडते. थकलेल्या माणसासाठी तो मार्ग नाही.

पाण्याचे थोडक्यात: शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के इतके पाणी घटले तरी लक्ष आणि मनःस्थिती यांवर परिणाम होऊ शकतो. पाण्याची बाटली टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवा.

आधी तपासणी, मग गोळ्या

सतत थकवा असेल तर पूरक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. साधारणपणे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच आणि रक्तातली साखर एवढ्यांपासून सुरुवात होते. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि तेवढ्यानेही थकवा येतो. मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांनी फेरिटिन जरूर पाहावे. वनस्पतिजन्य लोह शरीरात चांगले मुरावे म्हणून जेवणासोबत व्हिटॅमिन सी असलेले फळ किंवा भाजी घ्यावी. चहा-कॉफी जेवणाला लागून घेतली तर हेच लोह कमी शोषले जाते. बी-१२ नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य पदार्थांतच भरवशाने मिळते. म्हणून शाकाहारी मंडळी, आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे, यांनी त्यावर लक्ष ठेवावे.

लोहाच्या गोळ्या 'असू द्यात' म्हणून सुरू करू नयेत. जादा लोह घातक ठरते. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

'ॲड्रिनल ग्रंथी (ताणाची संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथी) थकल्या आहेत' असे सांगून विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि कॅप्सूल यांबद्दलही विचारणा होते. तसे निदान वैद्यकशास्त्र मान्य करत नाही. आम्ही अशी कोणतीही उत्पादने विकत नाही आणि सुचवतही नाही.

सुरुवात कुठून करावी

आहारात एकदम दहा बदल करणारे लोक तीन आठवड्यांत जुन्या सवयींवर परततात. म्हणून आम्ही पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागतो: कामाच्या वेळेतले एक जेवण कॅलेंडरमध्ये बैठकीसारखे नोंदवा आणि ते पुढे ढकलू नका. त्या जेवणात प्रथिने ठळक असावीत: डाळी-कडधान्ये, अंडी, मासे, दही, दूध, सोयाबीन, तुम्ही जे खात असाल ते. हे जमले की रात्रीच्या जेवणाचा भार आपोआप हलका होतो आणि सकाळी भूक लागू लागते. सकाळच्या खाण्याचे पुढे पाहता येते. लांबणाऱ्या बैठकांसाठी बॅगेत मूठभर सुकामेवा आणि एखादे फळ ठेवा. कर्मचाऱ्यांच्या जेवणाची वेळही पाळा. मालक उपाशी काम करतो तिथे बाकीच्यांनाही उठायला संकोच वाटतो.

दोन-तीन आठवडे वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप झाली की थकव्याकडे पुन्हा नीट पाहा. तो घड्याळाप्रमाणे येत असेल, खाल्ल्यावर ओसरत असेल, तर त्यात आहाराचा हात मोठा होता. पोट भरलेले, झोप झालेली, तरी एखादे ठरावीक काम, माणूस किंवा खाते समोर आले की अंगातले त्राण जात असेल, तर प्रश्न कामाच्या रचनेचा आहे. तिथे कामे वाटून देणे, सुट्टी, हिशेब मार्गी लावणे किंवा समुपदेशकाची मदत हेच उपाय आहेत, आणि आम्ही तसे स्पष्ट सांगतो. ही आमची कामचलाऊ पारख आहे, वैद्यकीय निदान नाही.

काही लक्षणांसाठी आमची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा: कारण नसताना उतरणारे वजन, धाप, छातीत दुखणे, खूप तहान आणि वारंवार लघवी, जोराचे घोरणे आणि दिवसा अनावर झोप. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जगू नये असे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

पहिल्या भेटीला येताना

सात दिवसांची साधी नोंद आणा: काय खाल्ले यापेक्षा किती वाजता खाल्ले हे आधी लिहा. चहा-कॉफीच्या वेळा, झोपायची आणि उठायची वेळ, आणि दिवसातून तीनदा अंगातल्या शक्तीला १ ते १० पैकी एक आकडा. त्या आठवड्यात खाणे मुद्दाम सुधारू नका, नाहीतर आम्हाला तुमचा खरा दिवस दिसणार नाही. सध्याच्या औषधांची यादी आणि गेल्या सहा महिन्यांतले तपासणी अहवाल सोबत ठेवा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेत असाल तर जेवणाच्या वेळा तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नका. त्या बाबतीत आम्ही डॉक्टरांच्या सूचनेनुसारच आखणी करतो.