मोठे आणि छोटे उंदीरकानी वटवाघूळ

युरोपातील कीटकभक्षी वटवाघळांच्या दोन अगदी जवळच्या जाती. मोठ्याचे शास्त्रीय नाव मायोटिस मायोटिस, छोट्याचे मायोटिस ब्लायथी. पाठ तपकिरी, पोट पांढुरके, पंखांचा विस्तार 40 सेंमीच्या आसपास. ‘छोटे’ हे नाव तसे फसवेच, कारण दोघांची मापे एकमेकांत मिसळतात. छोट्याचे कान अरुंद आणि मुस्कट निमुळते असते. आल्प्समधील अनेक छोट्यांच्या कपाळावर दोन कानांमध्ये पांढरट केसांचा ठिपका असतो. डीएनए तपासूनही ओळखीचा प्रश्न लगेच सुटत नाही. जुन्या संकरामुळे युरोपात दोघांचा मायटोकाँड्रियल (फक्त आईकडून येणारा) डीएनए जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे पेशीकेंद्रातला डीएनए पाहावा लागतो.

खरा फरक आहाराचा. स्वित्झर्लंडच्या व्हाले खोऱ्यात दोन्ही जातींच्या माद्या एकाच पोटमाळ्यावर पिल्ले वाढवतात, पण रात्री त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. मोठे वटवाघूळ झुडपे नसलेल्या जंगलात, फळबागांत, नुकत्याच कापलेल्या कुरणात जमिनीलगत फिरते. पाचोळ्यातून चालणाऱ्या भुंगेऱ्याच्या पायांची खसखस त्याला ऐकू येते. त्यावर झेपावून, तोंडात धरून ते पुन्हा उडते. भक्ष्य हेरताना स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीपेक्षा ही खसखसच जास्त कामाची. छोट्याला मात्र उंच गवत लागते. काड्यांवर बसलेले लांब मिशांचे नाकतोडे हे त्याचे मुख्य खाणे. नाकतोडे पुरेसे वाढेपर्यंत, वसंतात, कॉकचेफर भुंगेऱ्यांवर भागते.

म्हणून या वटवाघळांना वाचवायला पोटमाळा राखला की काम झाले, असे होत नाही. गवत दाट झाले तर मोठ्याला जमीन सापडत नाही, आणि माळ नांगरला की छोट्याचे नाकतोडे जातात. छपराच्या लाकडावर मारलेल्या लिंडेन, डीडीटीसारख्या विषांनीही वटवाघळे मेली. मादीला वर्षाला एकच पिल्लू होत असल्याने घटलेली वसाहत लवकर भरून येत नाही. ब्रिटनमध्ये मोठी जात 1990 मध्ये नामशेष जाहीर झाली. 2002 मध्ये ससेक्समध्ये एक नर सापडला. युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशाने दोन्ही जातींना संरक्षण दिले आहे.

छोट्या जातीचे पहिले वर्णन 1857 चे, तेही राजस्थानातील नसिराबादच्या नमुन्यावरून. नाव कोलकात्यात काम केलेले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथ यांच्यावरून. युरोपातल्या छोट्याला काही तज्ज्ञ मायोटिस ऑक्सिग्नेथस ही वेगळीच जात मानतात.