एमआयएस ते ॲनालिस्ट: नागपुरातल्या आकड्यांच्या नोकरीची पार्श्वभूमी

आकड्यांवर पोट भरणारी माणसं नागपुरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहेत. महसूल खात्याची पैसेवारी हे त्याचं जुनं रूप. शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि प्रमाण उत्पन्नाशी त्याचं गुणोत्तर पैशांत काढायचं. आकडा 50 पैशांच्या आत आला की टंचाईच्या सवलतींचा विषय निघायचा. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशी ती तीनदा जाहीर होते. म्हणजे नमुना, सरासरी आणि फेरतपासणी हे तिन्ही प्रकार तेव्हाही होतेच.

आज ज्याला डेटाचं करिअर म्हणतात, ते 2000 नंतरचं. 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि सीताबर्डीपासून तालुक्याच्या गावापर्यंत एक्सेल पोचलं. त्या काळच्या एक्सेलमध्ये एका शीटला 65,536 ओळींचीच मर्यादा होती. मोठ्या उलाढालीच्या ठिकाणी महिन्यागणिक वेगळी शीट ठेवावी लागे. 2007 च्या आवृत्तीत ही मर्यादा 10,48,576 झाली, पण बारा शीटची सवय गेली नाही. ती शीट जोडायचं काम आजही नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं. जुन्या एक्सएलएस साच्यात फाइल उतरवली तर मर्यादेपलीकडच्या ओळी गळतात. 2020 मध्ये इंग्लंडात कोरोनाचे 15,841 रुग्ण रोजच्या मोजणीतून असेच सुटले होते.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो ‘एमआयएस’ या शब्दाने. मुळात ही व्यवस्थापनाला माहिती पुरवणारी यंत्रणा, मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम. आपल्याकडे आधी त्याची खुर्ची झाली, ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’. मग त्याची फाइल झाली: ‘आजचा एमआयएस गेला का?’ यंत्रणा, पद आणि रोजचा अहवाल या तिघांना एकच नाव. बुटीबोरीच्या कारखान्यात एमआयएस म्हणजे पाळीनिहाय उत्पादन, मिहानमधल्या कंपनीत कॉलचा तपशील आणि धंतोलीच्या रुग्णालयात विमा दाव्यांची थकबाकी. त्यामुळे बायोडेटावर ‘4 वर्षे एमआयएस’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तो माणूस आलेली शीट पुढे ढकलत होता, की चार ठिकाणची माहिती जुळवून चूक पकडत होता?

हा अनुभव ॲनालिस्टचा धरावा की नाही, यावर भरती करणाऱ्यांत एकमत नाही. न धरणाऱ्यांचा मुद्दा असा की एमआयएसवाला प्रश्न विचारत नाही, फक्त साचा भरतो. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण साचा भरताना बेरीज का जुळत नाही हे ज्याने शोधलं, त्याने विश्लेषणाचा अवघड अर्धा भाग केलेलाच असतो. पायथॉनसारखी प्रोग्रामिंगची भाषा तीन-चार महिन्यांत शिकता येते, हे मात्र तेवढ्यात अंगी येत नाही. म्हणून पदनाम लिहिण्याऐवजी माहिती किती ठिकाणांहून यायची, कोणत्या रकान्यावर जुळवली, किती वेळाने अहवाल जायचा आणि एकूण बेरीज कशाशी ताडून पाहिली, या चार गोष्टी लिहाव्यात.

ताळमेळाच्या या कामाला खरा भाव आला जीएसटीनंतर. 1 जुलै 2017 ला कर लागू झाला, ऑगस्ट 2020 पासून जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा दरमहाचा गोषवारा, मिळू लागला आणि 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलावर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळणं बंद झालं. दर महिन्याला खरेदीवही आणि 2बी जुळवणं आलं. नुसत्या बिल क्रमांकावर जुळवलं की फसतं, कारण तो क्रमांक एका पुरवठादाराच्या एका आर्थिक वर्षापुरताच वेगळा असतो. जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल क्रमांक आणि वर्ष अशी तिहेरी किल्ली हवी. बिल क्रमांक 5/24 असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, म्हणून फाइल आत घेतानाच तो रकाना टेक्स्ट करावा. मागची मोकळी जागा, तिरप्या रेघा आणि पुढची शून्यं दोन्हीकडून काढावीत. करात 1 रुपयाचा फरक चालवून घ्यावा. बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट उणे चिन्हाने आली आहे ना, ते पाहावं. शेवटी तीन ढीग उरतात: फक्त आपल्याकडे, फक्त 2बीत, आणि दोन्हीकडे पण रक्कम वेगळी.

हेच तीन ढीग वाहतूकदाराकडे बिल्टी आणि पोचपावतीत निघतात, कळमन्याच्या अडत्याकडे आवक आणि चुकाऱ्यात, कोळशात खाणीतून निघालेल्या आणि वजनकाट्यावर भरलेल्या टनांत. धंदा बदलला तरी हात तोच राहतो.

बदलतं ते माप, आणि मुरलेलाही तिथेच ठेच खातो. कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, कृषी वर्ष जुलै ते जून, हिशेबाचं एप्रिल ते मार्च. तिन्हीत ‘2022-23’ लिहिलं तरी महिने वेगळे. बिगर-कोकिंग कोळशाची प्रतवारी 2012 च्या सुरुवातीला ए ते जी सोडून उष्मांकावर आधारलेल्या जी1 ते जी17 अशी झाली. पूर्वीचा ‘जी’ आणि आताचा ‘जी7’ एकाच आलेखात ओढला की आलेख साफ खोटा.

अलीकडचा प्रश्न मराठी माहितीचा. कृतिदेवसारख्या फाँटमधल्या जुन्या याद्या दिसतात देवनागरी, पण आत इंग्रजी चिन्हंच असतात. त्यामुळे शोध लागत नाही आणि अकारविल्हे लावली तर क्रम भलताच येतो. युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासावेत. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. बदलून झाल्यावरही ‘पिपळा’ आणि ‘पिंपळा’ ही दोन गावं की एकच, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. गाव नावावर न जुळवता 2011 च्या जनगणनेच्या सहा अंकी कोडवर जुळवावं, आणि 2001 चे कोड वेगळ्या रचनेचे आहेत हे ध्यानात ठेवावं. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकरी स्वतःच मोबाइलवरून करू लागला. ती नोंद जुन्या गावयादीशी लावायची तर हीच किल्ली लागते.