थीम पार्क की वॉटर पार्क? इमॅजिकाचं तिकीट काढण्याआधी

आमच्या वर्धा जिल्ह्यात ‘पार्क’ म्हटलं की पाण्याच्या घसरगुंड्याच डोळ्यांपुढे येतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की नागपूरच्या आसपासच्या वॉटर पार्कांकडे गाड्या भरभरून जातात. म्हणून खोपोलीच्या इमॅजिकाचा बेत निघाला की घोळ ठरलेलाच. नाव एकच, पण थीम पार्क वेगळं, २०१३ चं. वॉटर पार्क वेगळं, २०१४ चं. तिकिटंही वेगवेगळी. घरातलं कोण कोण येणार, त्यावर हे आधी ठरवा.

वॉटर पार्कात खरा प्रश्न कपड्यांचा. सुती कपडे, साडी, ओढणी घालून घसरगुंडीवर सोडत नाहीत. नायलॉनचा पोशाखच लागतो. कापूस पाणी पितो, जड होतो, आणि पदर कुठं अडकला तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे नियम योग्यच आहे. पण नागपूरजवळच्या एका वॉटर पार्कात आमची आई नऊवारीत दिवसभर बाकावर बसून राहिली. मांडीवर सगळ्यांच्या चपला-मोबाईलची पिशवी, आणि दर थोड्या वेळानं "झालं का रे?" पैसे तिचेही भरले होते. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. वॉटर पार्क हे पोहणाऱ्यांचं, पोट्ट्यांचं आणि पाण्यात उतरायची हौस असलेल्यांचं ठिकाण आहे.

थीम पार्कात मात्र कपडे न बदलता, बसल्या जागी बघण्यासारखं बरंच असतं. गोष्ट आधी, पाळणा नंतर, म्हणजे पाळणे एखाद्या गोष्टीभोवती रचलेले. ‘आय फॉर इंडिया’त खुर्चीत बसून देशावरून उडाल्यासारखं वाटतं; ‘अलीबाबा’त गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा. ‘नायट्रो’सारखे जोराचे रोलर कोस्टर तरण्या पोरांसाठी. तिथं दारातच उंची मोजतात, लहानग्याला आधीच समजावून ठेवा, नाहीतर रांगेच्या टोकाला रडारड होते. रक्तदाब, कंबरदुखी असणाऱ्यांनी तिकडे जाऊच नये.

‘राजासॉरस’ची होडी चुकवू नका. राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला खराखुरा डायनोसॉर. आपल्या वरोऱ्याजवळ पिसदुरा, डोंगरगावलाही डायनोसॉरचे जीवाश्म मिळालेत. पोरांना हे आधी सांगून नेलं तर होडीतून उतरल्यावरही प्रश्न संपत नाहीत.

आजी-आजोबा सोबत असतील तर माझं मत सरळ थीम पार्कला.

दिवसांचं म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीत वावरात कापूस वेचणी असते आणि तिकडे गर्दी. आपल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनचे ते मधले दिवस मोकळे मिळतात. पण तेव्हाच पेरणी, आणि तिकडे खोपोलीला घाटाखाली पाऊसही. विजा कडाडल्या की उघड्यावरचे पाळणे थांबतात. शेतीवाल्या घराला जानेवारीतला सोमवार ते शुक्रवार बरा.

विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी वर्ध्याहून निघते, पहाटे कल्याणला पोचवते. पुढे कर्जतमार्गे लोकलनं खोपोली, शेवटचं स्टेशन. रात्रभरच्या प्रवासानंतर त्याच दिवशी आत शिरू नका, मुलं दुपारीच पेंगतात. दोन्ही पार्क बघायचेच असतील तर दोन दिवस ठेवा. पहिला थीम पार्कला, दुसरा पाण्याला, म्हणजे ओल्या कपड्यांचं गाठोडं एकदाच बांधावं लागतं.