पोथीपुढे बसायचं शिक्षण

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीची, धुरा 1925 पासून काम संपेपर्यंत ज्या तिघांनी वाहिली, त्यांच्या पदव्या पाहण्यासारख्या आहेत. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनचे, श्रीपाद कृष्ण बेलवलकर हार्वर्डचे, परशुराम लक्ष्मण वैद्य पॅरिसचे. काम पुण्यातलं, ग्रंथ आपला, पण डॉक्टरेट तिघांचीही परदेशातली.

याचं कारण आपल्या विद्यापीठांच्या घडणीत आहे. 1857 साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ सुरुवातीला मुख्यतः परीक्षा घेई आणि पदव्या देई. संशोधक घडवायची सोय तिथे नव्हती. जर्मनीत ती होती. ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यासक फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फने 1787 मध्ये हाले इथे सेमिनार सुरू केला, बर्लिनला 1812 मध्ये बोएकने. तिथे विद्यार्थी नुसतं ऐकत बसत नसे. उताऱ्याचा अर्थ स्वतः लावून तो सर्वांसमोर मांडायचा आणि आक्षेपांना उत्तरं द्यायची. पुढे 1821 पासून फ्रान्झ बोप बर्लिनला शिकवू लागला आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची तुलना हा रीतसर अभ्यासविषय झाला.

रा. गो. भांडारकरांनी हे शास्त्र इथे राहूनच आत्मसात केलं. 1877 ची त्यांची विल्सन व्याख्यानं संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंशांतून थेट आजच्या भाषांपर्यंत येतात. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने 1885 मध्ये त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. पण एका माणसाच्या व्यासंगाने परंपरा उभी राहत नाही, त्याला कार्यशाळा लागते.

ती 1917 मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मिळाली. सुखठणकर मूळचे केंब्रिजचे गणिती, मग बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्सकडे शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध. महाभारतासाठी खास तुलनापत्रकं वापरली जात. वरच्या ओळीत प्रचलित श्लोक, अक्षर सुटं करून, चौकटीचौकटीत. खाली एकेका पोथीतला पाठभेद, त्या त्या अक्षराखाली. पोथ्या शारदा, नेवारी, बंगाली, तेलुगू, दक्षिणेतली ‘ग्रंथ’ लिपी, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. हे टिपायला शास्त्रीमंडळी आणि पदवीधर एकत्र बसत. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही ही तुलना चाले. मला हा या इतिहासाचा गाभा वाटतो. बर्लिनची पद्धत होतीच, पण लिप्या वाचणारे आणि श्लोक तोंडपाठ असणारे शास्त्री नसते, तर ती पद्धत कागदावरच राहिली असती. आपण संपादकांची नावं घेतो. त्या शास्त्र्यांची फारशी घेत नाही, हे मनाला लागतं.

1933 मध्ये आदिपर्व पूर्ण झालं. त्याची प्रस्तावना म्हणजे पाठचिकित्सेचं, पोथ्या ताडून मूळ पाठ शोधण्याच्या शास्त्राचं, पाठ्यपुस्तकच. सुखठणकर 1943 मध्ये गेले, काम 1966 मध्ये तडीला गेलं.

मधल्या काळात दुसरं केंद्र उभं राहत होतं. बंद पडलेलं डेक्कन कॉलेज 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या सु. मं. कत्रे यांनी 1941 मध्ये भारतीय पाठचिकित्सेची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं, आणि 1948 मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत कोश हाती घेतला. त्यासाठी सुमारे 1500 ग्रंथांतून कोटभर चिठ्ठ्या काढल्या गेल्या. कोणता शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला, ते प्रत्येक चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं. त्या चिठ्ठ्यांची कपाटं डेक्कन कॉलेजच्या येरवड्याच्या आवारात आजही आहेत, आणि कोशाचं काम अजून चालू आहे.