पाव गोळीचा हिशेब : मुलांवरील औषधचाचण्यांची पार्श्वभूमी

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. तरीही तान्ह्या मुलाला घेऊन आलेल्या आईला काही औषधांच्या बाबतीत मोठ्यांचीच गोळी पाव करून, दोन चमच्यांत चुरून मधातून द्यायला सांगितले जाते. त्या पाव गोळीमागे डॉक्टरांचा अनुभव असतो, पण चाचणीचा आधार असेलच असे नाही.

आरंभी मात्र मुलेच पुढे केली गेली. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी देवीवरील लशीचा प्रयोग माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलावर केला. १८०२ मध्ये मुंबईत ती तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली आणि तिच्या दंडावरच्या फोडातील लस घेऊन पुढच्या मुलांना टोचण्यात आली. या लशीने अगणित जीव वाचवले, हे खरेच. पण त्या मुलांना कोणी विचारले नव्हते. पुढे न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत १९५६ पासून मतिमंद मुलांना हिपॅटायटिसचा संसर्ग मुद्दाम घडवला गेला. तिथे पालकांच्या सह्या होत्या, परंतु प्रवेशासाठी ताटकळणाऱ्या पालकाची सही मोकळ्या मनाची कशी मानावी?

नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली, आणि ती मूल देऊ शकत नसल्याने मुलांना चाचण्यांत घ्यावे कसे, हा पेच उभा राहिला. चाचणीविना दिलेल्या औषधाची किंमतही मुलांनीच मोजली. १९५० च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिले गेले. त्यांच्या अपक्व यकृताला ते पेलेना, बाळे राखाडी पडून दगावली. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे, हे वैद्यकाला असे शिकावे लागले.

आपल्याकडे २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. सात मुलींच्या मृत्यूंनंतर तो थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण खम्मममध्ये अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो.

हा होकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण सांगलीच्या उसाच्या फडात, कोपीत राहणाऱ्या आईचा अंगठा कागदावर उमटवून घेणे सोपे असते. शेजारी बसलेल्या सात वर्षांच्या लेकराला सुई कशासाठी टोचायची, हे त्याच्या बोलीत सांगून त्याच्या उत्तरासाठी थांबायला वेळ लागतो.